पहिलं बोट कुणाकडे होतं?

फौजदारी खटल्यात सरकारी वकील साक्षीदाराला विचारतात, ‘त्या रात्री तुम्ही पाहिलेला इसम आज कोर्टात हजर आहे का?’ घटनेला दोन-तीन वर्षं उलटलेली असतात. काळे कोट, खाकी गणवेश आणि कोर्टाचे कर्मचारी वगळले तर बोट दाखवण्याजोगं उरतं कोण? आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेलेच. साक्षीदार तिकडे बोट करतो आणि कागदावर नोंद होते, ‘साक्षीदाराने आरोपीस ओळखले.’ कायद्याच्या लेखी मूळ पुरावा हाच. तपासाच्या काळात तुरुंगात झालेली ओळख परेड त्याला पुष्टी देण्यापुरती. ही उतरंड उलटी आहे असं माझं ठाम मत आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या चेहऱ्याची सगळ्यात ताजी खूण पहिल्या काही दिवसांत मिळते. खटला उभा राहीपर्यंत तिच्यावर बरंच काही चढलेलं असतं.

नाशिक भागातला जून २००३चा दरोडा घ्या. झोपडीवर हल्ला झाला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. जबर जखमी होऊनही वाचलेल्या आईला काही दिवसांतच पोलिसांच्या नोंदीतले फोटो दाखवण्यात आले. तिने चार जण ओळखले. पोलिसांच्या दप्तरी आधीच गुन्हेगार म्हणून असलेले चार जण. त्यांच्यावर खटला झालाच नाही. खटला झाला तो दुसऱ्याच सहा जणांवर. भटक्या जमातीतली गरीब माणसं ती. पुढे परेड झाली, मग कोर्टात ओळख झाली, आणि २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी ठोठावली.

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि फोटोंतून ओळखलेल्या त्या चौघांबाबत पुढचा तपास करण्याचा आदेश दिला. म्हणजे एका आईने जखमा ओल्या असताना ज्यांच्याकडे बोट केलं, त्यांच्याकडे वळायला आपल्या यंत्रणेला २०१९ उजाडावं लागलं. तोवर तिचं दुसरं बोट सहा माणसांना फासाच्या दारात घेऊन गेलं होतं.

त्या आईला खोटारडी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही, कुणाचीही रेटू नये. घरातली माणसं डोळ्यांदेखत मारली गेलेल्या बाईला गुन्हेगार सापडायलाच हवे असतात, आणि पोलिसांनी पकडलेले ते तेच, असं तिला वाटणं अगदी स्वाभाविक आहे. खरी भीती इथेच आहे. उलटतपासणी खोटं बोलणाऱ्याला उघडं पाडते. प्रामाणिक माणसाची प्रामाणिक चूक तिच्या हाती लागत नाही, कारण तो डगमगतच नाही. आणि न डगमगणारा साक्षीदार न्यायाधीशाला पटतो.

आठवण कशी बदलते, हे १९७४ सालीच प्रयोगाने दिसलं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. एका गटाला विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या गटाला तेच विचारलं, फक्त ‘लागल्या’च्या जागी गाड्यांचा चुराडा सुचवणारा शब्द घालून. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? पहिल्या गटातल्या पन्नासांपैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्यातले १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका शब्दाने एवढं होतं. मग पोलीस ठाण्यात ‘नीट आठवा, दाढी होती ना त्याला?’ या प्रश्नाने काय होत असेल? तो प्रश्न जबाबात लिहिला जात नाही. लिहिलं जातं फक्त उत्तर.

अमेरिकेत २०२० पर्यंत डीएनए चाचणीने ३७५ शिक्षा झालेले लोक निर्दोष ठरल्याची नोंद ‘इनोसन्स प्रोजेक्ट’कडे आहे. त्यातल्या ६९ टक्के प्रकरणांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. ज्या गुन्ह्यांत तपासण्याजोगा डीएनए मागे राहतच नाही, तिथे चुकीची ओळख खोडून काढायला हे साधनही नसतं.

आपल्याकडे नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत ओळख परेडची पद्धत तपशीलवार दिली आहे. एका आरोपीसोबत निदान सहा जण उभे करायचे, तेही दिसायला साधारण त्याच्यासारखे. एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. पोलिसांनी तिथे थांबायचं नाही. नियम चांगले आहेत. पण परेडच्या आधी आरोपीचा चेहरा वाहिन्यांवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरला असेल तर परेड कसली घ्यायची? साक्षीदार तिथे टीव्हीवरचा माणूस ओळखून येतो. शिवाय आरोपी कोण हे माहीत असलेल्या अधिकाऱ्याने परेड घेऊच नये, ही साधी अट आपण अजून घातलेली नाही.

उशीर हा तर जुनाच रोग. ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बाराही जणांना निर्दोष ठरवताना टॅक्सीचालकांच्या ओळखीवर बोट ठेवलं. शंभराहून अधिक दिवस गप्प राहिल्यावर त्यांनी जबाब दिले होते. आणि परेड घेणाऱ्याला तसा अधिकारच उरला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, ते न्यायालय काय ते ठरवेल. पण शंभर दिवसांपूर्वीच्या एका उतारूचा चेहरा मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्या ध्यानात राहील, यावर खटला उभा करणाऱ्यांची मला काळजी वाटते. त्या स्फोटांत गेलेल्यांच्या घरच्यांना पक्का पुरावा मिळायला हवा होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. ओळख परेड कलम ५४ मध्ये येते. तिथे चित्रीकरणाची सक्ती एकाच वेळी आहे, ओळखणारा साक्षीदार शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल तेव्हा. बाकी सगळ्या परेडींना ती नाही. कपाटातून काढलेला चाकू कॅमेऱ्यासमोर यावा आणि माणसाला फासावर नेऊ शकणारं बोट मात्र कुणी टिपू नये, याचं समर्थन कुठला कायदामंत्री कसं करील ते मला ऐकायचं आहे. फोटो दाखवण्यापासून परेडपर्यंतची प्रत्येक ओळख चित्रित करा. साक्षीदाराची खात्री किती, ते त्याच क्षणी त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि पहिली ओळख कुणाची झाली होती, तो कागद दोषारोपपत्राच्या पहिल्या पानाला जोडून बचाव पक्षाच्या हातात द्या. कलम ५४ मध्ये दोन ओळी घातल्या की हे होतं.