वीसपैकी वीस

अमेरिकेत पिट्सबर्ग ज्या ॲलेगेनी काउंटीत येतं, तिथे ऑगस्ट 2016 मध्ये मोठीच सोय झाली. अमक्या घरात मुलाची आबाळ होते, असा फोन बालकल्याण विभागाला आला की संगणक सरकारी दप्तर चाळतो आणि 1 ते 20 मधला एक आकडा देतो. आकडा जितका मोठा, तितकं घर धोक्याचं. शाळेत कधी पास न झालेल्या बापालाही इथे वीसपैकी वीस मिळू शकतात.

दप्तरात तुरुंगाची नोंद, सरकारी खर्चाने घेतलेले मानसोपचार, व्यसनमुक्ती. पदरचे पैसे मोजून खासगी डॉक्टरकडे घेतलेले उपचार दप्तरात नाहीत, म्हणजे ते झालेच नाहीत. बंगल्यातला बाप रोज रात्री बाटली संपवून सकाळी महागड्या समुपदेशकापुढे रडत असेल, तर तो निर्व्यसनी आणि सुखी. काय नेमकी नजर!

यंत्र माणसांचे निर्णय घेतं, अशी टीकाकार उगाच कुरकुर करतात. यंत्र निर्णय घेतच नाही, ते फक्त मदत करतं. पडद्यावर चढा आकडा चमकत असताना "राहू दे, चौकशी नको" म्हणायला कार्यकर्ती अगदी मोकळी आहे. पुढे काही विपरीत घडलंच, तर तिचं नावही दप्तरात आहेच.

एकच सुधारणा सुचवावीशी वाटते. नोंद होते ती मदत मागणाऱ्यांची. तेव्हा सरकारी मदतीच्या खिडकीवर पाटी लावावी : 'मदत मागू नये.' कोणी फिरकणार नाही, दप्तर कोरं राहील. पोरं उपाशी झोपतील. पण आकडा 1.