रिजेक्टवाले तात्या

नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत तात्यांनी तीस वर्षं क्वालिटीत काढली. रिटायर झाले, पण खडू काही परत केला नाही. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, पॅन्टच्या खिशात लाल खडूचा तुकडा. कंपनीत लाल खूण म्हणजे रिजेक्ट, हिरवी म्हणजे ओके. आता कंपनी सुटली, म्हणून अख्खं नागापूर त्यांच्या टेबलावर येतं. टपरीवरचा वडा (एका बाजूनं करपलेला), पुतण्याला सांगून आलेली स्थळं, सीनेवरच्या पुलाचे सांधे. नातवाला घेऊन नगरचं रणगाडा संग्रहालय बघायला गेले, तर तिथल्या एका जुन्या धुडाच्या वेल्डिंगवर बोट ठेवून म्हणाले, "हे मी पास केलं नसतं." रणगाडा लढाईतून वाचला असेल, तात्यांच्या हातून नाही वाचला.

स्वतःची गाडी म्हणजे लुना, नगरातच तयार झालेली. तिचा सायलेन्सर तारेनं बांधलाय. त्याबद्दल चकार शब्द नाही. घरचा माल आहे.

रोज दहाच्या सुमाराला तात्या मनमाड रोडवरच्या मिस्त्रीच्या गॅरेजात उपड्या घातलेल्या ऑइलच्या डब्यावर येऊन बसतात. परवा तिथं मी माझी डिझेल गाडी घेऊन गेलो. राहुरीहून येताना विळद घाटात तिनं मान टाकली होती. पिकअप नाही, पाय दाबला की बॉनेटखालून शिट्टी, मागं निळसर धूर. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरवाला मला वाट देत होता, यावरून काय ते समजा.

मी काच खाली करायच्या आत तात्यांनी निकाल दिला. "टर्बो. रिजेक्ट."

"न बघताच?"

"बघायचं काय? दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजतोय."

मिस्त्री म्हणाला, "तात्या, बसा." टर्बो गेला म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या त्यानं नुसता फाटका होज बदलून घरी पाठवल्यात. त्यानं आधी एअर फिल्टर काढला. ठीक होता. क्लिपा बघितल्या, घट्ट होत्या. इंटरकूलरचा होज हातानं चाचपला, कुठं चीर नाही. एकेक वस्तू ठीक निघत होती तसा तात्यांचा चेहरा उतरत होता. धडधाकट माल त्यांना बघवत नाही.

मग मिस्त्रीनं टर्बोच्या तोंडावरचा पाइप सोडवला. आतून ऑइल ओघळलं. तात्या डब्यावरून उठले.

त्या गोगलगायीसारख्या घरात अंजिराएवढं एक पातं असतं. पलीकडच्या बाजूला तसंच दुसरं, दोन्ही एकाच दांड्यावर. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पातं फिरवतो, त्याबरोबर दुसरं फिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. म्हणजे फेकून द्यायच्या धुरातून काम काढून घ्यायचं. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तरंगतो तो ऑइलच्या पातळ थरावर. तात्यांच्या कंपनीतलं लेथ दोन हजारांवर गेलं की फोरमन धावत यायचा.

मिस्त्रीनं दोन बोटांत दांड्याचं टोक धरून हलवलं. आडवं किंचित हललं. "एवढं चालतं, ऑइल आलं की भरून निघतं." मग पुढं-मागं ओढलं. टक. पुन्हा टक. पात्यांच्या कडा घराला घासून चकाकत होत्या.

"बोललो होतो," तात्या म्हणाले. लाल खडू बाहेर आलाच होता. टर्बोवर फुली पडली.

पण क्वालिटीवाला एवढ्यावर थांबत नाही. तो पाच वेळा 'का' विचारतो. दांडा का घासला? ऑइल कमी पोचलं. का? ऑइलचा पाइप कार्बननं आवळला होता. का? ऑइल जळकं. का? दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. सर्व्हिस दोन वेळा पुढं ढकललेली, शिवाय घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून गाडी बंद करायची सवय. पाचव्या 'का'च्या आधी मी चहा सांगायला गेलो.

मिस्त्रीनं टर्बोत नवा कोअर (पाती आणि दांडा एकत्र) घातला. ऑइलचा पाइप नवा, परतीचा साफ. इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल निथळवलं; ते राहिलं तर डिझेल इंजिन तेच पिऊन बेफाम पळतं, चावी काढली तरी थांबत नाही. फिल्टर, ऑइल बदललं. टर्बोच्या भोकात पळीभर ऑइल ओतलं, डिझेल तोडून नुसता स्टार्टर मारला आणि मगच गाडी चालू करून पाच मिनिटं संथ ठेवली.

ट्रायलला तात्या पुढच्या सीटवर. विळद घाट उतरलो, वळून चढलो. गाडी चौथ्यात सरसर वर आली. ना शिट्टी, ना धूर. तात्यांनी काच खाली केली, कान बाहेर काढला, डॅशबोर्ड ठोकला, सीटचा पट्टा ओढून पाहिला. काही सापडेना. वर आल्यावर मी मुद्दाम गाडी दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद केली.

"बोला तात्या, ओके ना?"

तात्यांनी दोन्ही खिसे चाचपले. बराच वेळ चाचपले.

"हिरवा खडू घरी राहिला," ते म्हणाले. "उद्या आण गाडी."