वाटेचा हक्क

"धाकटीचा फोन आला होता का?" एवढंच विचारलं मी. वहिनींनी हातातली पाण्याची नळी जास्वंदीच्या बुंध्यात सोडली आणि कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. म्हणजे आता दोन्ही घरच्या कुकरच्या शिट्ट्या देवाच्या भरवशावर.

"फोन रोजच असतो हो. पण काल म्हणते कशी, आई, दुपारचं जेवण मी हल्ली व्याख्यानातच उरकते!"

धाकटी नेदरलँड्समध्ये, लायडनला, आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम करते आहे. विद्यापीठ १५७५ सालचं. या कायद्याचा जनक म्हणतात तो ह्यूगो ग्रोशियस तिथे अकराव्या वर्षी शिकायला आला होता. वहिनींनी हे मला तीनदा तरी सांगितलंय आणि दर वेळी पुढे जोडलंय, "आमची चोविसाव्या वर्षीही मोजे शोधत असते."

"मधल्या सुट्टीत कुणीतरी मोठं माणूस येऊन बोलतं. कधी हेगच्या न्यायालयात लढणारा वकील, कधी निर्वासितांचं काम करणारी बाई. एकदा म्हणे विषय होता, समुद्र वाढून बेटं बुडाली तर त्यांचा देश उरतो की नाही. आणि ऐकणाऱ्याला पाव-चीज फुकट."

"गरम काही नाही?"

"नाव नको! ते लोक दुपारी गारच खातात. आणि ऐका तर, घरांच्या खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला यांचा दिवाणखाना दिसतो. वाढदिवसांचं कॅलेंडर कुठे टांगतात, सांगा?"

"स्वयंपाकघरात."

"संडासात!"

यावर आम्ही दोघी जरा वेळ बोललोच नाही. कुणाचा वाढदिवस विसरू नये म्हणून तशी जागा चांगलीच, पण तरी.

मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायली की घरी पोचेपर्यंत फोनवर आपल्या वाट्याच्या पैशांची मागणी येते, त्याला 'टिकी' म्हणतात, हेही कळलं. वहिनींना त्याचा राग आला आहे. मला तर ही सोय आपल्या भिशीत हवी असं वाटलं, पण ते मी बोलले नाही.

खरा घोर आहे खोलीचा. तिकडे विद्यार्थ्यांना खोल्याच मिळत नाहीत. खोली हाती नसेल तर येऊ नका, असं विद्यापीठंच सांगतात. धाकटीनं आधी कुणाकुणाच्या सोफ्यावर दिवस काढले. मानवी हक्कांवर टिपणं काढायची आणि रात्री कुठे पडायचं याचा पत्ता नाही.

"पण हेग जवळ आहे ना तिथून?"

"रेल्वेनं पाव तासाच्या आत. तो शांतता महाल बघून आली. अमेरिकेतल्या कार्नेगी नावाच्या पोलादवाल्याच्या पैशानं बांधला, १९१३ साली उघडला. आणि पुढल्याच वर्षी पहिलं महायुद्ध! मी म्हटलं, मुहूर्त कुणी काढला होता?"

आंतरराष्ट्रीय न्यायालय तिथेच बसतं. पंधरा न्यायाधीश, नऊ-नऊ वर्षांसाठी. कुलभूषण जाधवांचा खटला तिथलाच. हरीश साळवे एक रुपयात लढले ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण निकाल नेमका काय लागला, ते मला वहिनींकडून नीट कळलं. जुलै २०१९, पंधरा विरुद्ध एक. आपल्या वकिलातीला जाधवांना भेटू दिलं नाही, हा पाकिस्तानकडून कराराचा भंग. फाशीच्या शिक्षेचा पुन्हा विचार करा. तोवर फाशी नाही. सुटका मात्र दिली नाही.

"आणि ऐकलंच नाही एखाद्या देशानं, तर?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणे सुरक्षा परिषदेकडे जायचं. निकाराग्वा गेला होता. १९८६ साली अमेरिकेविरुद्ध जिंकला आणि परिषदेत अमेरिकेनंच नकाराधिकार वापरला."

"म्हणजे आरोपीच्याच हातात बेड्यांची किल्ली."

"तरी देश तिथे जातातच, असं ही म्हणते. उगीच नाही जात. निकाल लागला की निदान चूक कुणाची ते जगापुढे लिहून राहतं."

मला हे पटलं, अर्धं. कागदावरचा निकाल हातात घेऊन म्हातारी झालेली माणसं आमच्या माहेरीही आहेत. बांधाच्या पलीकडच्या विहिरीवर जायची वहिवाट आजोबांनी कोर्टात जिंकली. वाटेवरची काटेरी कुंपणं काढायला बेलीफ आला, म्हणून पाणी मिळालं. हेगला बेलीफ नाही.

वहिवाट म्हटल्यावर वहिनी एकदम सरसावल्या. "अगंबाई, तेच! परवाचं व्याख्यान वाटेच्याच खटल्यावर होतं. पोर्तुगालनं आपल्यावर घातलेला, १९५५ साली. दादरा-नगर हवेली."

तोवर ओट्यावरच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले आमचे मामंजी जागे झाले. "सुधीर फडके गेले होते तिथे," ते म्हणाले. "सिल्वासा मोकळं झालं, २ ऑगस्ट १९५४. पुण्याचे लोक होते. बाबासाहेब पुरंदरेसुद्धा."

पोर्तुगालचं म्हणणं, दमणहून आमच्या त्या मुलखात जायची वाट भारतानं अडवली. खटल्यात भारताच्या बाजूनं नेमलेले न्यायाधीश होते एम. सी. छागला, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे. १९६० साली निकाल लागला: साध्या लोकांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला जायचा हक्क होता, सैन्य, हत्यारी पोलीस आणि दारूगोळ्याला नव्हता. आणि भारतानं वाट अडवण्यात नियम मोडला नाही.

"गंमत ऐका," वहिनी म्हणाल्या. "हिच्या शेजारी पोर्तुगालची मुलगी बसली होती. ती म्हणे, हक्क मान्य झाला, आम्ही जिंकलो. ही म्हणे, भारत दोषी ठरला नाही, आम्ही जिंकलो. तास संपला तरी दोघी भांडतायत. शेवटी कॉफी प्यायला गेल्या, तर कळलं की तीही खोली शोधतेय. आता एकत्र घेतलीय जागा."

"पोर्तुगीज?" मामंजींनी चष्मा चढवला.

"हो. दोन खोल्या आहेत, मधे सरकती दारं. फक्त तिला स्वयंपाकघरात जायचं तर हिच्या खोलीतून जावं लागतं."

मामंजींनी क्षणभर विचार केला.

"जाऊ दे म्हणावं. पिशवीत दारूगोळा नाही ना, तेवढं बघून."