लग्नाचा व्हिडिओ पाहुण्यांना टीव्हीवर कसा दाखवावा

यंत्र घ्यायला मौद्याहून थेट सीताबर्डी गाठू नका. आधी भिंती मोजा. राऊटर माडीवर आणि टीव्ही ओसरीत असेल, तर 5 गिगाहर्ट्‌झचा वेगवान वायफाय पहिल्याच जाड भिंतीशी दम सोडतो. 2.4 चा लांब पोचतो, पण हळू. मग पडद्यावर गोल फिरत राहतं आणि मोठे भाऊजी विचारतात, "काऊन, सप्तपदी चालू आहे का?"

राऊटर इन्व्हर्टरवर घ्यावा. 2320 मेगावॉटचं वीजकेंद्र आपल्या तालुक्यात आहे हे खरं, पण ती वीज आधी ग्रिडमध्ये जाते. आपल्याकडे यायचं तेव्हा येते.

आता यंत्र. सगळ्यात सोपं दिसतं ते मोबाईलचं मिररिंग, आणि घरं मोडतात तीही त्यानंच. मोबाईलवर जे येईल ते सगळं टीव्हीवर येतं. आमच्याकडे वरमाला चालू असताना माडीवरून मामीचा मेसेज आला, "गेले का ते लोकं?" 32 इंचांवर, ठळक. ते लोकं समोरच पोहे खात होते. एकानं चमचा बशीत ठेवला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

काडीसारखं स्ट्रीमिंग यंत्र घ्याल, तर ते टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. साध्या यूएसबी 2.0 मधून 500 मिलिअँपिअर मिळतात. तेवढ्यात ते ऐन मंगलाष्टकात मान टाकतं. सोबतचा अडॅप्टर भिंतीतच लावावा.

घरात इंजिनिअरिंगचा भाचा असेल, तर तो रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आणून त्यावर कोडी हे व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर टाकेल. उत्तम व्यवस्था. फक्त कोडी मुळात एक्सबॉक्ससाठी बनलं, 2014 साली त्याचं नाव बदललं, हे तो पाहुण्यांना पहिल्यापासून सांगतो. चहा गार होतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: पेन ड्राइव्ह. वायफाय नको, भाचा नको. मात्र तो बहुधा फॅट-32 चा असतो आणि त्यात 4 जीबीहून मोठी फाईल मावत नाही. मग फोटोग्राफर लग्नाचे तुकडे करतो. आमच्या पहिल्या फाईलमध्ये 'शुभमंगल' आहे आणि दुसरीत 'सावधान'. मधल्या काळ्या पडद्यात जवाईबापूंना विचार बदलायला चांगले चार सेकंद मिळतात. दर वेळी ते खाकरतात, ताई दर वेळी त्यांच्याकडे बघते.

आणि फाईलींच्या नावाआधी 01, 02 जरूर घाला. टीव्ही विधी पाळत नाही, अक्षरं पाळतो: 'बिदाई' आधी लागते, 'हळद' मागून.