छत्तीसचा आकडा

वकिलाने जाहिरात करू नये, पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची असावी, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ सांगतो. नागपूरच्या बेसा परिसरातले तरुण विधिज्ञ तो तंतोतंत पाळतात, हे नमूद करताना ऊर भरून येतो. त्यांची रील मोबाइलवर दिसते; म्हणजे पाटी सहा इंचांची. ‘घटस्फोट तीन स्टेपमध्ये, लिंक बायोत’ ही जाहिरात नव्हे, विधी साक्षरता.

कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी गळ्यात बँड लावू नये, असाही नियम आहे. म्हणूनच ऐन मे महिन्यात काळा कोट नि पांढरा बँड चढवून बेसा चौकात रीलसाठी उभ्या राहिलेल्या वकीलसाहेबांनी चौकालाच कोर्टाचा दर्जा दिला. मागचा गुपचूपवाला साक्षीदार. आता लाइक जास्त त्याच्या बाजूने निकाल द्यावा, अपील कॉमेंटमध्ये. तारखा तरी वाचतील, राजेहो!

शिक्षेची भीती? तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे नागपुरात हार्ले डेव्हिडसनवर बसले. त्यावरच्या आणि आणखी एका ट्विटसाठी वकील प्रशांत भूषण यांना ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल दंड ठोठावला. एक रुपया.

पोस्ट बूस्ट करायला याहून जास्त लागतात.