चुंबनं मोजणारे वाचक

अमेरिकेतल्या ख्रिस्ती थरारक प्रेमकथांवर वाचक जी मतं देतात, त्यांतली बहुतेक दोनच प्रकारची असतात. 'पुस्तक स्वच्छ आहे, मुलींच्या हाती निर्धास्त द्या' हा एक प्रकार. 'उपदेश फार' हा दुसरा. दोन्ही मतं आळशी आहेत.

डी हेंडरसन यांची 'द निगोशिएटर' (२०००) ही गाजलेली कादंबरी घ्या. शिकागोची केट ओमॅली ओलीस धरणाऱ्यांशी बोलणी करून माणसं सोडवते. एफबीआयचा डेव्ह रिचमन तिच्या प्रेमात पडतो. पण तो श्रद्धावान ख्रिस्ती, ती नाही. म्हणून तो स्वतःला आवरतो.

पहिल्या गटाला यात शिवी नाही, शय्यागृह नाही, एवढं पुरतं. बॉम्ब फुटतो, माणसं मरतात, त्याची तक्रार नसते. प्रेत चालतं आणि चुंबन मोजलं जातं, ही कुठली नीती? स्वच्छता हा पुस्तकाचा गुण नाही, दुकानातली चिठ्ठी आहे.

दुसऱ्या गटाला श्रद्धेची चर्चा आली की कथा थांबली असं वाटतं. इथं ते चुकतात. रोज गुन्हेगारांसमोर उभी राहणारी केट विचारते, न्यायी देव असल्या माणसाला क्षमा कशी करतो? हा प्रश्न तिच्या नोकरीतून आलेला आहे. तो काढा, केट उरणार नाही. डेव्हचं मागं सरणंही लेखिकेची लहर नाही. अश्रद्धांशी जोडी जमवू नका, हा पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला दंडक तो पाळतो. तो पटो वा न पटो, या प्रेमातली खरी अडचण तीच आहे.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. तिलाही 'ख्रिस्ती प्रचारकी' म्हणून बाजूला सारणारे होते. विधवांचे हाल तिनं किती धीटपणे मांडले, हे त्यांच्या नजरेतून निसटलं.

मग या थरारक प्रेमकथांचा खरा दोष कोणता? शेवट आधीच ठरलेला असतो. खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, पण नायिका श्रद्धेकडे वळणार हे पहिल्या प्रकरणात कळतं. जिथं सर्वांत मोठी उत्कंठा हवी, तिथं ती नसते.

हेंडरसन यांच्या याच मालिकेत याहून धाडसाची जागा आहे. सात अनाथ मुलांनी स्वतःच जमवलेल्या ओमॅली कुटुंबातली जेनिफर कर्करोगानं जाते. तिच्यासाठी केलेल्या प्रार्थना तिला वाचवत नाहीत. 'द रेस्क्यूअर' (२००३) मध्ये तिचा भाऊ स्टीफन त्या दुःखापासून पळत राहतो. इथं श्रद्धेला किंमत मोजावी लागते, म्हणून ती खरी वाटते.

वाचकांनो, पुढच्या वेळी मत देताना चुंबनं मोजू नका, बायबलची वचनंही मोजू नका. एकच विचारा: या माणसाची श्रद्धा मोडू शकली असती का? उत्तर 'नाही' असेल, तर लेखकाला तसं स्पष्ट सांगा.