मागं काय घेऊ?

मला ठाऊक असलेली मुरुडं तीन. एक रायगडातलं, जंजिऱ्याचं. एक दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. ह्या दोघांना समुद्र आहे, नारळी-पोफळी आहेत आणि शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची माणसं आहेत. तिसरं आमचं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. आम्हाला रस्ता आहे. परगावी कुणी गाव विचारलं आणि मुरुड सांगितलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. "मग काय, रोज ताजी मासळी!" पूर्वी मी भूगोल समजावून सांगत बसायचो. आता "हो, स्वस्तच असते" म्हणतो.

पुण्याला फोटोग्राफी शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या सरांचाही चेहरा असाच खुलला असणार. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिनं 'चेहरा आणि शहर' असा विषय दिला होता. प्रत्येक फोटोत एक माणूस आणि त्याचं गाव, दोन्ही सारख्या तोलाचे. माणूस पुढं आहे म्हणून गाव पुसट नको, गाव मोठं म्हणून माणूस मुंगीएवढा नको. ठिकाणाच्या रकान्यात तिनं आजोळ लिहिलं. सरांनी शेरा मारला, 'उत्तम. भरतीच्या वेळा आधी पाहून ठेव.'

"मामा, आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? भरतीची वेळ पहाटे पाच. बार्शी रोडला उभी राहा, पोरं पळताना दिसतील. पोलीसभरतीची."

पोरगी गुणी, खरंच जाऊन उभी राहिली. प्रोजेक्टमधला पहिला बरा फोटो तोच निघाला. पळून दमलेला एक पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकलाय, कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आलाय, मागं बंद शटरांची रांग आणि दुकानांच्या वर येईल एवढा ऊस लादलेला ट्रॅक्टर. पोरानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि विचारलं, "ताई, ह्यो फॉर्मला चालंल का?"

ती घरी राहायला असल्यामुळं फोटोचं शास्त्र माझ्याही कानावर पडलं. चेहऱ्याला लागते ८५ एमएमची लेन्स. छिद्र मोठं ठेवायचं, एफ १.८, म्हणजे मागचं सगळं धूसर होतं आणि माणूस उठून दिसतो. गावाला लागते रुंद लेन्स, २४ वगैरे, आणि छिद्र लहान, एफ ८ किंवा ११, म्हणजे दारातला माणूस रेखीव आणि पार टोकाची पाण्याची टाकीही रेखीव. दोन्ही एकदम साधायला रुंद लेन्स घेऊन चेहऱ्याजवळ गेलं, की नाक पुढं येतं आणि कान मागं जातात. हा प्रयोग आमच्या गल्लीतल्या एका ठेकेदारांवर झाला. फोटो बघून त्यांनी आधी स्वतःच्या नाकाला हात लावला आणि मग माझ्याकडं बघितलं. तेव्हापासून ते मला रामराम घालत नाहीत. शेवटी ३५ एमएम, एफ ८ आणि माणूस चार पावलं लांब अशी तडजोड झाली. आमच्या गावात एवढ्यावर मिटलेली तडजोड मी दुसरी पाहिलेली नाही.

सरांनी थोरामोठ्यांची कामंही बघायला सांगितली होती. ती लॅपटॉपवर दाखवी, मी चहा पीत बघे. आर्नल्ड न्यूमननं १९४६ साली स्ट्राविन्स्की नावाच्या संगीतकाराचा फोटो काढला. त्यात बहुतेक जागा पियानोच्या उघड्या झाकणानं खाल्लीय आणि ज्याचा फोटो तो बिचारा खालच्या कोपऱ्यात. आमच्याकडं लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या धाकट्या चुलत्याची अशी अवस्था झाली होती, तर ते न जेवता निघून गेले. जर्मनीच्या ऑगस्ट सँडरनं शेतकरी, गवंडी, हलवाई अशी आपल्या देशाची माणसं धंद्यासकट टिपली आणि १९२९ साली त्यातल्या साठ फोटोंचं पुस्तक काढलं. १९३६ मध्ये नाझींनी त्याच्या छपाईचे ठसे नष्ट केले. त्या फोटोतले जर्मन त्यांना हवे तसे दिसत नव्हते. आपण फोटोत हवे तसे दिसत नाही ही तक्रार आमच्याकडंही घरोघरी आहे, पण आम्ही नुसतं "डिलीट मार" म्हणतो.

एवढ्या लांब जायचं कारण नव्हतं. मुरुड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे राजा दीनदयाळ हे एका अर्थानं आमचेच सरकारी फोटोग्राफर. त्यांना राजा हा किताब सहाव्या निजामानं दिला. नबाब, शिकारी, मेजवान्या काढणाऱ्या ह्या माणसानं वेरूळही काढलं. चेहरा आणि मुलूख, दोन्ही हातखंडा. आणि १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तो चालवायला मिसेस केनी-लेव्हिक नावाची बाई नेमली. हे ऐकून मला मोठी चैन वाटली. कारण आमच्या घरात कॅमेरा निघाला की माझ्या आईसकट साऱ्या बायकांचा पदर डोक्यावर आणि तोंड भिंतीकडं.

"आजी, अशीच बस. चुलीपुढं छान उजेड आलाय."

"थांब की, लुगडं बदलून येते."

आजी इरकल नेसून, कुंकू नीट करून येईपर्यंत उजेड शेजारच्या घरात गेलेला. तोवर आजीनं जागाही निवडली. "हितं घे. मागं फ्रीज येऊ दे."

माझ्या लक्षात आलं ते तिथं. मुरुडात फोटोला कुणाचीच ना नव्हती. मुरुड मागं यायला होती. किराणा दुकानदार म्हणाले, गोदामासमोर नको, लातूरला घेतलेल्या फ्लॅटसमोर काढ, आपण गाडीनं जाऊ. भाजीवालीनं कारल्याच्या पाट्या बाजूला सारून आधी दोन्ही हात धुतले. एका तरुण सदस्यांना लातूरची गंजगोलाई पाहिजे होती. तसं भाचीनं गोलाईत जाऊन बघितलं होतंच. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूकडं फुटलेले सोळा रस्ते. एका रस्त्यावर कॅमेरा रोखला की उरलेल्या पंधरांवरून हॉर्न. म्हातारे मात्र तयार. पण त्यांची अट साधी आणि ठाम होती. फोटो सरळ समोरून, टोपीसह, मागं काहीही नको. "मोठा करून ठिव बाई, हाराला बरा पडंल." भाचीला भरून आलं. म्हाताऱ्यांना आलं नाही. त्यांनी लगेच चौकटीची किंमत विचारली.

ह्यात गावकऱ्यांचा दोष नाही, आम्हाला वळणच तसं लागलंय. आमच्या तरुणपणी फोटो म्हणजे स्टुडिओ. आत रंगवलेला पडदा असायचा. त्यावर राजवाड्याचा जिना, तळं, हंस, आणि वर बर्फाचा डोंगर. खुंटीवर एक कोट, सगळ्या गावाला मिळून. आरशाजवळ फणी आणि पावडरचा डबा. स्टुडिओवाला आधी विचारायचा, "मागं काय घेऊ?" कारण पडदे दोन होते. मी डोंगर घेतला. कोट मापाचा नव्हता म्हणून पाठीला टाचण्या लावल्या. तो फोटो स्थळासाठी गेला आणि सासऱ्यांनी बैठकीत पहिलाच प्रश्न केला, "काश्मीरला कधी गेला होता?" अशा पडद्यांचं पुढं मोल कळलं. केतकी शेठ ह्यांनी देशभरचे फोटो स्टुडिओ हिंडून २०१८ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक केलं. आमच्या स्टुडिओचा पडदा तोवर आखाड्यावर कडब्याच्या गंजीवर गेला होता. चांगला जाड होता.

आता पडदा नाही, पण चेहरा आणि शहर ह्यांचा खरा प्रोजेक्ट चौकात बारमाही चालू आहे. त्याला फ्लेक्स म्हणतात. त्याचं शास्त्र न्यूमनपेक्षा कडक. सगळ्यात वर दिल्ली-मुंबईचे नेते, गोल चौकटीत. खाली आमदार, कमरेपर्यंत. मधोमध वाढदिवसाचा मानकरी, गॉगल आणि कानाला मोबाईल, उभा पुरा. तळाला शुभेच्छुक, तिकिटाएवढे. कोण कुणापेक्षा बोटभर मोठा झाला ह्यावरून जन्माची वैरं झाली आहेत. भाची चौकाचा लँडस्केप काढायला गेली तर जिकडून बघावं तिकडून चेहरेच. गाव फ्लेक्सच्या पाठीमागं.

"मामा, मला एका फोटोत एकच चेहरा पाहिजे."

"एकटा चेहरा फक्त पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सवर मिळंल."

एका क्रिकेट स्पर्धेच्या फ्लेक्सवर तर मागं चक्क जंजिरा किल्ला होता. डिझाइनवाल्यानं मोबाईलवर 'मुरुड' टाकलं आणि जे आलं ते घेतलं. कुणीही हरकत घेतली नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या मुलखात चौकात एवढं पाणी फुकट बघायला मिळत असेल तर हरकत कोण घेईल?

ह्याच डिझाइनवाल्याकडं भाची नमुन्याच्या प्रिंट काढायला गेली, मी सोबत होतो. प्रोजेक्टमध्ये पोर्ट्रेट आणि लँडस्केप दोन्ही एकत्र आहेत असं तिनं सांगितल्यावर तो माऊस सोडून माझ्याकडं वळला. "सर, कागद एक तर उभा लागंल न्हाईतर आडवा. दोन्ही एकदम कसं निघंल?" हीच अडचण तिच्या सरांनी दोन पानांत, इंग्रजीत लिहून पाठवली होती.

पण टेलरआबांचा फोटो दोन्ही एकदम निघाला. आबांचं दुकान रस्त्याला लागून, एका मशीनपुरतं. गळ्यात टेप, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, ओठांत दोन टाचण्या. आबा सुईत दोरा ओवत होते आणि काम सोडून कॅमेऱ्याकडं बघायला त्यांना सवडच नव्हती. मागं उघड्या फळीतून सगळा रस्ता : वळणारी एसटी, तिला वाट न देणारी म्हैस, म्हशीवर ओरडणारा हवालदार, आणि अर्थात फ्लेक्स. सगळं रेखीव, दोरासुद्धा. सरांनी भरतीचा विषय सोडून दिला आणि ह्या एका फोटोवर खूश झाले.

भाचीनं तो फोटो आबांच्या नातवाला मोबाईलवर पाठवला. आबांची पंच्याहत्तरी जवळ आली होती. नातू फोटो घेऊन थेट डिझाइनवाल्याकडं. योगायोगानं मी तिथं बसलो होतो. त्यानं फोटो पडद्यावर मोठा केला आणि पेन टूलनं आबांच्या डोक्याभोवती कडेकडेनं टिंबं टाकत निघाला. एसटी गेली. म्हैस गेली. हवालदार गेला. मशीन गेलं, टेप गेला. ओठांतल्या टाचण्या त्यानं गालाचा रंग ओढून पुसल्या. उरलं ते डोकं त्यानं तयार कोटावर बसवलं आणि नातवाला विचारलं, "मागं काय घेऊ?"

नातवानं बुर्ज खलिफा घेतला.

फ्लेक्स चौकात लागला तेव्हा भाची रडायच्या बेतात होती. आम्ही आबांना घेऊन बघायला गेलो. आबांनी दोऱ्याची काडी कानामागं नीट बसवली आणि मान वर करून बघितलं. स्वतःच्या चेहऱ्याकडं नाही, दुबईकडं तर नाहीच.

"कोट कुणी शिवलाय ह्यो?"

"कंप्युटरनं, आबा."

"डावा खांदा उतरलाय. कॉलर बी पाठीला बसंना." आबांनी गळ्यातला टेप काढला. "शिडी आण रं. निदान माप तरी घिऊन ठिवू."